गणपतीसाठी सुटी सरकते, मग उसासाठी शाळा का सरकत नाही?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात सध्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गावी परतत आहेत. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांची डालगी आणि या सगळ्याच्या वर बसलेली मुले, हे दृश्य धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार यांपैकी कोणत्याही तालुक्यातल्या फाट्यावर पाहायला मिळते. गाळप किती झाले, साखरेचा उतारा किती पडला, याचे आकडे वर्तमानपत्रांतून नियमाने येतात आणि ते यायलाच हवेत. परंतु ट्रॉलीवर बसून आलेल्या त्या मुलांचे शालेय वर्ष कधी सुरू झाले आणि कधी संपले, हा हिशेब कोणी मांडत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षे काम केले आणि त्यांपैकी शेवटची ९ वर्षे धारूर तालुक्यातील एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकट्या त्या शाळेचे नाही, आणि तिथले सहकारी अजून नोकरीत आहेत.

२०२३-२४ या वर्षीची गोष्ट आहे. त्या वर्षी दुसरीपासून आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके चार भागांत आली होती आणि मुलांना टिपणे काढता यावीत म्हणून त्यांत मधे मधे वहीची कोरी पाने घातलेली होती. पुढे हा प्रयोग शासनाने मागे घेतला. आमच्या पाचवीतली एक मुलगी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यावर आई-बापाबरोबर गेली होती, ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परतली आणि दुसऱ्याच दिवशी चारही भाग पिशवीत घालून शाळेत आली. भाग पहिल्याचे मुखपृष्ठ गळून गेले होते. भाग दुसऱ्यावर तेला-हळदीचे डाग होते आणि त्यातली कोरी पाने तिच्या गोलसर अक्षराने भरली होती. भाग तिसरा आणि चौथा मात्र छापखान्यातून आल्यासारखे कोरे करकरीत. काही पाने तर अजून एकमेकांना चिकटलेली होती, ती मी टेबलावर बसून नखाने सोडवली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे दिवाळीपासून एक लाल रेघ होती आणि रेघेवर माझ्याच अक्षरात ‘स्थलांतरित’ असे लिहिलेले होते. सबंध मराठवाड्यात या मुलांची स्थिती समजून घ्यायला तो हजेरीपट आणि ती चार पुस्तके शेजारी शेजारी ठेवली तरी पुरे.

मी तिला ८४ भागिले ७ करायला सांगितले, ते तिला आले नाही. मग कारखान्यावरच्या वजनाच्या पावतीबद्दल विचारले, तेव्हा भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन आणि त्यातून निघणारे उसाचे निव्वळ वजन तिने तोंडी वजाबाकी करून धडाधड सांगितले, कारण तिच्या वडिलांना पावती वाचता येत नव्हती आणि टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीशी ताळा घालायचे काम तिच्याकडे होते. ही मुले जगाच्या शाळेत शिकतात, असे कौतुक यावर कोणी करू नये, ही विनंती. दिवसभर कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, राहून धाकट्या भावाला सांभाळणाऱ्या त्या पोरीला भागाकार येत नव्हता, तो शिकवण्याचे काम माझे होते आणि ते होऊ शकले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

होऊ का शकले नाही, हे पाहायला दिवसांची साधी बेरीज करावी लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस अध्यापन व्हायला हवे. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि दिवाळीच्या तोंडावर टोळ्या हलतात. रविवार, सणवार, पोळा, गणपती आणि शिक्षकांची प्रशिक्षणे वजा केली तर ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या वाट्याला जेमतेम शंभर दिवस येतात. टोळ्या परततात त्या मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षेची आणि संकलित मूल्यमापनाची गडबड असते. मे उजाडला की शाळेला कुलूप. म्हणजे मूल गावात नसते तेव्हा शाळा चालू आणि मूल गावात असते तेव्हा शाळा बंद. हे कोणी वाईट हेतूने केलेले नाही. ज्यांचे आई-वडील बारा महिने एका गावात राहतात अशा मुलांसाठी वेळापत्रक तयार झाले, आणि तेच आम्ही डोंगरपट्ट्यात जसेच्या तसे चालवत राहिलो.

पूर्वी या विसंगतीचा फटका मुलांच्या प्रगतिपुस्तकावर उमटत नसे. मूल आपोआप वरच्या वर्गात जाई, आणि न आलेला भागाकार मागच्या वर्गात राही. आता तेही राहिलेले नाही. २०१९ मध्ये केंद्राने शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये राज्याने नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली; तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा देण्याची संधी मिळते आणि तिथेही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. परीक्षा असावी की नसावी या वादात मला इथे शिरायचे नाही. खरे तर परीक्षा असावी, असेच माझे मत आहे. पण जी अर्धे वर्ष शिकवलीच गेली नाहीत त्या पानांवर मुलाची परीक्षा घेऊन त्याला नापास म्हणणे हा कुठला न्याय? आमची ती मुलगी गणितात नापास झाली. फेरपरीक्षा जूनमध्ये होती आणि त्याआधी तिला अतिरिक्त मार्गदर्शन करावे, असे नियमातच लिहिलेले होते.

आता त्या मे महिन्यात काय घडले, तेही सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता आणि बीड जिल्ह्यातून वडवणी, अंबाजोगाई यांच्याबरोबर आमचा धारूर तालुका त्यात होता. दुष्काळी भागात उन्हाळी सुटीतही शालेय पोषण आहार द्यावा लागतो, त्याप्रमाणे आमच्या शाळेत खिचडी शिजत होती. सकाळी मुले घरून ताटल्या घेऊन येत, व्हरांड्यात पंगत बसे, खिचडी खाऊन मुले निघून जात आणि वर्गखोलीला कुलूपच असे. फेरपरीक्षेला बसणारी ती मुलगीही रोज जेवायला येत होती. मूल शाळेच्या आवारात, मुख्याध्यापक शाळेच्या आवारात, फळा दोन पावलांवर, आणि शिकवणे बंद, कारण सुटी होती. मी मनाशी ठरवून आठ-दहा दिवस वर्ग उघडला आणि तिच्यासह सहा मुलांना घेऊन बसलो. भागाकाराची पहिली पायरी तिला आलीही. नंतर पुतणीचे लग्न निघाले, मी गावी गेलो आणि तो वर्ग पुन्हा काही उघडला नाही. जूनमध्ये सवलतीचे गुण धरून ती उत्तीर्ण झाली. उत्तरपत्रिका मीच तपासली होती आणि तपासताना माझा हात सैल होता, हे आज निवृत्तीनंतर कबूल करायला हरकत नाही.

शासनाने या मुलांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. साखर कारखान्यांच्या परिसरात एके काळी साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेतच असले पाहिजे, असे धोरण आले आणि त्या शाळा मागे पडल्या. जिथे जाल तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड निघाले. पण उसाच्या ज्या फडावर टोळी उतरते तिथून शाळा लांब असते, फड दर काही दिवसांनी बदलतो, आणि टोळी बेळगाव-बागलकोटकडे गेली असेल तर शाळा कन्नड माध्यमाची निघते. त्यातल्या त्यात उपयोगी पडले ते हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृहाचे असले तरी बहुतेक ठिकाणी मूल गावातच आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. मी ही योजना चालवली आहे आणि तिने कितीतरी मुले गावात थांबली, हे स्वतः पाहिले आहे. अडचण एवढीच होती की मंजुरीचे पत्र आमच्या हाती पडेपर्यंत अनेकदा टोळ्या निघून गेलेल्या असत. मुकादमाकडून मजुरीपोटी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि मुलाला मागे ठेवायचे की बरोबर न्यायचे हे घरात दसऱ्यापूर्वीच ठरते. मग डिसेंबरात आलेल्या पत्राने ट्रॉली माघारी वळत नाही. शिवाय मुलगी वयात येऊ लागली की आजीच्या भरवशावर तिला ठेवायला आई-वडील तयार होत नाहीत, आणि त्यांची भीती मला कधी खोटी वाटली नाही.

आणखी एक गोष्ट शिक्षकांच्या बाजूचीही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. शाळेत किती शिक्षक असावेत हे ठरवणारी संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. टोळ्या निघतात त्यानंतर. म्हणजे मुले गावात आहेत याची नोंद घेऊन सरकार मोजणी आटोपते आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत पट निम्म्यावर येतो. मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत रीतसर दाखल झाले तर त्याचे नाव आमच्या पटावरून जाईल आणि नावाबरोबर कदाचित एक पदही जाईल, ही धास्ती प्रत्येक छोट्या शाळेत असते. कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे मागितल्याबरोबर दाखला द्यावा लागतो, हे सर्वांना माहीत असते. तरी पालकाने दाखला मागू नये, अशीच आमची मनोमन इच्छा असे. लाल रेघ मारून ठेवलेले नाव कोणालाच अडचणीचे नसते. मुलाचे काय होते हा प्रश्न त्या रेघेखाली दबून राहतो.

माझे म्हणणे असे आहे की या भागापुरते शाळेचे वेळापत्रक हलवावे, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची, समिती नेमण्याची किंवा मुंबईकडे डोळे लावून बसण्याचीही गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची, कर्तव्ये दिली आहेत. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा शाळाप्रवेश निश्चित करणे हे त्यांतले एक आणि शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हे दुसरे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच कलमात एकमेकांपासून फार लांब नाहीत. राज्यात सगळीकडे एकच वेळापत्रक असले पाहिजे, असाही काही नेम नाही, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे दरवर्षी आपल्यापेक्षा उशिरा उघडतात आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. वर्षभराच्या सुट्या ७६ दिवसांपेक्षा जास्त होऊ नयेत हे बंधन पाळून, उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुटी कमी करून ती गणेशोत्सव किंवा नाताळसारख्या सणाला शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने जोडून घेता येते, असे तर सुट्यांच्या वार्षिक परिपत्रकातच लिहिलेले असते. गणपतीसाठी जी सुटी सरकू शकते ती उसासाठी का सरकू नये?

आमच्यासारख्या दोनशिक्षकी शाळेत हे कसे बसवता येईल, याचाही विचार मी केला आहे. पट ४२ असला तरी दिवाळीनंतर वर्गात पंधरा-सोळा मुले उरत. तेवढी मुले एक शिक्षक व्यवस्थित सांभाळू शकतो. मग दोन्ही शिक्षकांनी दीर्घ सुटी एकाच वेळी, तीही मुले गावात आलेली असताना, घेतली पाहिजे असा आग्रह कशासाठी? एकाने आपली सुटी हिवाळ्यात घ्यावी आणि परतलेल्या मुलांसाठी एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत सकाळी ७ ते १० वर्ग चालवावा. पुढच्या वर्षी पाळी दुसऱ्याची. दीर्घ सुटीत काम करणाऱ्या शिक्षकाला त्या बदल्यात अर्जित रजा देण्याचा नियम आहेच. या मुलांची पाचवी-आठवीची परीक्षा एप्रिलमध्ये न घेता या वर्गानंतर, जूनच्या मध्याला घ्यावी. आणि जून ते दिवाळी या शंभर दिवसांत स्थलांतराच्या गावांतल्या शिक्षकांना प्रशिक्षणांना, बैठकांना आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला बोलावू नये. जे बोलवायचे ते जानेवारीत बोलवा, तेव्हा वर्ग तसाही अर्धा रिकामा असतो. वाचन, लेखन आणि अंकगणित यांचा गाभा याच शंभर दिवसांत संपवावा आणि पुस्तकातल्या प्रकरणांचा क्रम त्यासाठी खुशाल मोडावा. निपुण भारत अभियानात तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला २०२६-२७ पर्यंत वाचता आणि हिशेब करता यावा असे ठरले आहे. आमच्या पट्ट्यात ते यातल्या किती दिवसांच्या बळावर गाठायचे, याचे उत्तर मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाले नाही.

याला आक्षेप येतील, ते मी स्वतःच घेऊन पाहिले आहेत. ऊन हा पहिला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ पर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत अकरानंतर बसवत नाही, हे खरे आहे, म्हणूनच वर्ग दहाला सोडायचा. दुसरा आक्षेप शिक्षकांच्या सुटीचा. मी आता निवृत्त झालो, तेव्हा दुसऱ्याच्या सुटीबद्दल बोलायला मला सोपे जाते, असे माझे सहकारी म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. ज्यांची स्वतःची मुले मे महिन्यातच घरी असतात त्या शिक्षिकांना हिवाळ्यातली सुटी नकोशी वाटेल, तेव्हा पाळी लावताना जबरदस्ती होऊ नये. तिसरा आक्षेप थोडा वरच्या पातळीवरचा आहे: शाळेने उसाच्या हंगामाशी जुळवून घेतले तर स्थलांतर कायमचेच मान्य केल्यासारखे होईल. यावर एवढेच म्हणेन की स्थलांतर थांबवायला पाणी लागते, गावात काम लागते आणि उचलीच्या फेऱ्यातून सुटका लागते. यातले काहीही मुख्याध्यापकाच्या हाती नसते. ते होईल तेव्हा शाळा पुन्हा जुन्या वेळेवर आणता येईल.

हंगामाची तारीख आधी कळत नाही, असेही कोणी म्हणू नये. गाळप कधी सुरू करायचे हे मंत्री समिती ठरवते आणि ते काही आठवडे आधी जाहीर होते. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला आणि २०२५-२६ चा १ नोव्हेंबरला सुरू करायचे असेच ठरले होते. शेवट मात्र पुढे-मागे होतो. २०२१-२२ मध्ये ऊस इतका उभा होता की गाळप जूनपर्यंत लांबले, आणि एखाद्या वर्षी मार्चमध्येच कारखान्यांच्या ऊस टाकायच्या गव्हाणी थंडावतात. म्हणूनच वेळापत्रक जिल्ह्याच्या पातळीवर, दरवर्षी हंगाम पाहून ठरवले पाहिजे. कारखान्याचे धुराडे कधी पेटणार हे ज्या सरकारला माहीत असते, त्याच सरकारच्या शिक्षण विभागाला वसतिगृहाची मंजुरी सप्टेंबरमध्ये का देता येऊ नये, हे मला ३१ वर्षांत समजले नाही.

त्या मुलीची आजी मागच्या महिन्यात बाजारात भेटली. यंदा नात आईबरोबर उसाच्या मोळ्या बांधायला होती आणि पुढच्या वर्षी मुकादम तिला अर्धा कोयता, म्हणजे जोडप्याच्या निम्म्या हिशेबाने एकटी मजूर, धरणार आहे, असे आजीने सांगितले. शाळेचे पुस्तक अजून ट्रंकेत आहे म्हणाली; कोणता भाग ते मी विचारले नाही.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरेल आणि त्याच सुमारास शाळांचे निकालही लागतील. वर्षातल्या चार ठरलेल्या ग्रामसभांपैकी २६ जानेवारीच्या सभेला ऊसतोड करणारे आई-वडील गावात नसतात. १ मेच्या सभेला मात्र ते हजर राहू शकतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या शाळेचा उन्हाळी सकाळचा वर्ग, परीक्षेची जूनमधली तारीख आणि हंगामी वसतिगृहाची सप्टेंबरपूर्वीची मंजुरी, या तीन मागण्यांचा ठराव त्या दिवशी करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे पाठवावा, अशी या पत्राद्वारे मी बीड, जालना, परभणी आणि धाराशिव जिल्ह्यांतील पालकांना आणि माझ्या सहकाऱ्यांना विनंती करतो. ठरावाचा मसुदा लागत असेल तर मी लिहून देईन. शासकीय भाषेत पत्रे लिहिण्याचा सराव माझ्याकडे भरपूर आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. धारूर, जि. बीड